आधी पान, मग फूल: एका गुंठ्यासाठी स्थानिक झाडं निवडताना

फुलपाखरं, पक्षी यावेत म्हणून बाग करायची ठरली की बहुतेक याद्या फुलांपासून सुरू होतात. फुलांवर फुलपाखरं येतातही, मध पितात आणि निघून जातात. मधाच्या बाबतीत ती फारशी चोखंदळ नसतात. घाणेरी आणि एकदांडी या दोन्ही अमेरिकेतून आलेल्या वनस्पती, तरी त्यांच्यावर झुंबड असते. चोखंदळ असते ती अळी. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळीला कढीपत्त्यावर ठेवलं तर ती उपाशी मरेल, पण त्याला तोंड लावणार नाही. पिल्लांना भरवायला पक्ष्यांना याच अळ्या आणि किडे लागतात. एरवी मधावर जगणारा सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांच्या चोचीत कोळी आणि किडेच घालतो. म्हणून आम्ही यादी करायला बसतो तेव्हा प्रत्येक नावापुढे पहिला प्रश्न लिहितो: याचं पान कोण खातं? फुलाचा रंग कितीतरी नंतर येतो.

इथे सांगतोय ती जागा साधारण एका गुंठ्याची आहे, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा कमी पावसाचा पट्टा, वरचा वीतभर थर मातीचा आणि खाली मुरूम, दक्षिणेला ३ मीटर उंचीची भिंत. निवडीची पद्धत मात्र कुठल्याही जागेला लागू पडते. बदलतात ती झाडांची नावं.

झाडांकडे वळण्याआधी जागा नीट पाहावी लागते. सगळ्यात आधी पाऊस. कोकणात आणि घाटमाथ्यावर २५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेत ५०० ते ७०० च्या आसपास. सुरंगी, सीता अशोक, बकुळ ही झाडं देशीच आहेत, पण मुरमाड पठारावर ती आयुष्यभर पाणी मागतात. उलट हिवर, नेपती, धावडा, सालई ही कोरड्या भागातली मंडळी दमट जागी रोगट होतात. ‘देशी’ हा शब्द पुरेसा नाही, तो देशाच्या सीमेएवढा मोठा आहे. आपल्याला हवं ते झाड आपल्याच पावसाचं आणि आपल्याच मातीचं असलं पाहिजे.

मग निचरा. एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेऊन पाण्याने भरायचा, पूर्ण मुरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नये, कारण कोरडी माती सुरुवातीला भसाभस पाणी पिते. तासाला २ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर मुळं पावसाळ्यात गुदमरतील. तिथे उंचवटा करून लावावं किंवा ओढ्याकाठची झाडं निवडावीत. १० सेंटिमीटरच्या वर उतरत असेल तर जमीन पाणी धरत नाही. या जागेत मुरमामुळे पाणी झपाट्याने उतरत होतं, त्यामुळे यादीतून ओलाव्याची झाडं तिथेच गळाली. काळ्या मातीत प्रश्न वेगळा असतो. ती उन्हाळ्यात फाटते आणि भेगांमधून कोवळी मुळं उघडी पडून सुकतात, म्हणून तिथे आच्छादनाशिवाय लागवड करूच नये.

ऊन पाहायचं ते दोन ऋतूंत, एका दिवसात नाही. १९ अंश अक्षांशाच्या आसपास मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली नाहीशीच होते. डिसेंबरच्या दुपारी तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की ३ मीटरच्या भिंतीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते. उन्हाळ्यात पाहून ‘इथे भरपूर ऊन आहे’ असं ठरवलं आणि धायटी लावली, तर तिच्या फुलण्याच्या हंगामात, म्हणजे जानेवारीत, ती सावलीत उभी राहते. पाने येतात, फुलं येत नाहीत. या जागेत भिंतीलगतचा पट्टा आम्ही अडुळसा, कढीपत्ता आणि वेलींना दिला.

यानंतर जवळची टेकडी, ओढा, जुनी देवराई, पडीक बांध पाहायचे. आपल्यासारखीच माती आणि पाऊस असलेल्या ठिकाणी पाणी न घालता, खत न देता काय वाढतंय, ते टिपायचं. ही पाहणी पावसाळ्याच्या मध्यावर, दिवाळीच्या सुमारास आणि होळीच्या सुमारास अशी तीन वेळा करावी, कारण टाकळा जूनमध्ये उगवून हिवाळ्यात वाळून जातो आणि पळस एरवी नजरेत भरत नाही. टिपताना खाल्लेली पानंही पाहायची. कुरतडलेलं पान ही निवडीतली सगळ्यात भरवशाची खूण आहे. जंगलातून रोपं मात्र उपटून आणायची नाहीत. ती बहुधा जगत नाहीत आणि जिथून आणली तिथेही नुकसान होतं. बी घ्यायचं, तेही अनेक झाडांवरून थोडं थोडं. एकाच झाडाचं बी घेतलं तर सगळी रोपं एकाच वाणाची, एकाच रोगाला बळी पडणारी होतात.

आता पानांची यादी. काही जोड्या इतक्या पक्क्या आहेत की त्या डोळे मिटून धराव्यात. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन याच कुळातल्या माकडलिंबावर वाढतं, पण ते झाड घाटातलं, म्हणून या जागेत घेतलं नाही. रुईवर प्लेन टायगर, हिरणदोडीच्या वेलीवर ब्लू टायगर, सापसनच्या वेलीवर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ. तांबट या झुडपाच्या कोवळ्या पानांवर कॉमन लेपर्ड. बहावा आणि टाकळा यांवर कॉमन एमिग्रंट. वज्रदंतीवर, म्हणजे पिवळ्या कोरांटीवर, पॅन्सी गटातली फुलपाखरं. घोळ ही जमिनीसरपट पसरणारी भाजी डॅनेड एगफ्लायला लागते. टेंभुर्णीवर बॅरोनेट. हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल वाढतं ते बांडगुळावर. बांडगूळ लावता येत नाही; फूलटोच्या पक्षी त्याच्या चिकट बिया फांदीवर पुसतो तेव्हा ते येतं. आलं तर एखाद्या फांदीवर राहू द्यावं, झाडभर पसरू लागलं तर छाटावं.

गवत विसरलं जातं आणि हे आम्हाला फार खटकतं. ब्राऊन गटातली फुलपाखरं गवतावरच अंडी घालतात, मुनिया गवताचं बी खातात आणि त्याच्याच पात्यांनी घरटं करतात. कापून गालिचासारखं ठेवलेलं लॉन यातलं काहीच देत नाही. मारवेल आणि पवना ही दोन स्थानिक गवतं २ मीटर बाय ३ मीटरच्या तुकड्यात पुरतात. कुसळी मात्र वाटेपासून लांब ठेवावी, तिची टोकदार कुसळं कपड्यांत आणि कुत्र्या-मांजरांच्या अंगात घुसतात. गवत वर्षातून एकदाच, बी गळून गेल्यावर, तेही अर्धं अर्धं करून कापावं, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात कोष आणि अंडी सुखरूप राहतात.

पानांची यादी झाली की तिच्यावर फुला-फळांची दिनदर्शिका ठेवायची. कागदावर बारा रकाने आखायचे आणि प्रत्येक झाड त्याच्या महिन्यांत लिहायचं. मोकळे रकाने लगेच दिसतात. जानेवारी ते मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर आणि धायटी भरभरून मध देतात. अडुळसाही याच काळात फुललेला असतो. एप्रिल-मेमध्ये बहावा, करंज, कुडा आणि करवंदाची फळं. पावसाळ्यात मुरुडशेंग, निर्गुडी, खुळखुळा, तेरडा. खुळखुळ्याचं एक वैशिष्ट्य आहे: टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या किंवा जखमी भागांतून अल्कलॉइड नावाची रसायनं शोषून घेतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यांपासून तयार करतात. म्हणून वाळलेला खुळखुळा उपटून टाकू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बहुतेक याद्यांतला रिकामा काळ असतो, आणि नेमकी तेव्हाच, पावसाळा सरताना, फुलपाखरांची संख्या सर्वांत जास्त असते. तिथे वज्रदंती, तुंबा आणि बोर भरून काढतात. बोराची फळं पुढे फेब्रुवारीपर्यंत पक्ष्यांना पुरतात.

सगळं हवंसं वाटतं आणि जागा एक गुंठा असते. इथे मन घट्ट करावं लागतं. वड, पिंपळ, उंबर यांच्याइतकं अन्न दुसरं कुठलं झाड देत नाही. उंबराला तर वर्षातून अनेकदा फळ येतं. पण बांधकामापासून १० ते १५ मीटर अंतर नसेल तर त्यांची मुळं पाया, टाकी, जलवाहिनी काही सोडत नाहीत. काटेसावर आणि पळसही इथे मावत नव्हते. झाडं दोनच घेतली, बहावा आणि बोर, आणि ती उत्तरेच्या बाजूला लावली, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली बाकीच्यांवर पडत नाही. पळस-पांगाऱ्याची उणीव धायटी आणि मुरुडशेंगेने काढली, दोन्ही झुडपं सूर्यपक्ष्यांची आवडती. कडेला करवंद, पांढरफळी, हेंकळ आणि तांबट यांची काटेरी दाटी. बुलबुल, सातभाई, मुनिया यांना घरट्यासाठी मांजर पोहोचणार नाही अशी जागा लागते आणि काट्यांइतकं चांगलं कुंपण दुसरं नाही. झुडपांमध्ये दीड मीटर अंतर धरलं तर अशा जागेत वीस-बावीस झुडपं बसतात.

झुडपांचे प्रकार मात्र वीस घ्यायचे नाहीत. सात-आठ प्रकार, प्रत्येकी तीन. एकटं कढीपत्त्याचं हातभर रोप लावलं तर लाइम फुलपाखराच्या चार अळ्या ते आठवड्यात ओरबाडतात आणि मग अर्धवट वाढलेल्या अळ्या उपाशी मरतात. अळी आपल्या एकूण खाण्यातला फार मोठा भाग शेवटच्या अवस्थेत, कोषात जाण्याआधीच्या काही दिवसांत, खाते. तीन झाडं एकत्र असतील तर एक बोडकं झालं तरी दोन उरतात, आणि मादीलाही वासावरून ती सापडणं सोपं जातं. ज्यांच्याकडे गच्चीच आहे त्यांनी २० लिटरच्या कुंड्यांत कढीपत्ता, सापसन, वज्रदंती आणि निर्गुडी एवढं केलं तरी अळीपासून फुलपाखरापर्यंतचं चक्र पुरं होतं.

रोपं मिळवताना सगळ्यात मोठा घोळ नावांचा. ‘अशोक’ मागितला की बहुधा उंच सरळसोट वाढणारा आसुपालव मिळतो, सीता अशोक नाही. ‘अंजन’ म्हटलं तर घाटात निळ्या फुलांचं मेमेसायलॉन आणि खानदेश-विदर्भात हार्डविकिया, ही दोन पूर्ण वेगळी झाडं. ‘बाभूळ’ म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ गळ्यात पडते. म्हणून यादीत शास्त्रीय नाव लिहून न्यावं आणि पान, काटा, साल पाहूनच रोप घ्यावं. दुहेरी पाकळ्यांच्या जाती टाळाव्यात. तेरड्याच्या दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मधमाशीला तिथे पराग मिळत नाही.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून जास्त घातक आहे. रोपवाटिकेत इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असेल तर ते पानांच्या रसात उतरतं आणि झुडपांत कित्येक महिने टिकतं. कढीपत्ता आणि लिंबू यांवर हे सर्रास मारलं जातं. फुलपाखरू अंडी घालतं, अळ्या निघतात आणि दोन दिवसांत काळ्या पडून गळतात. पानांवर एकही भोक नसलेलं, तुकतुकीत रोप आम्ही घेत नाही. थोडं कुरतडलेलं रोप हीच खात्री. कडुनिंबाच्या तेलाची फवारणीही अळ्यांची वाढ रोखते, ‘सेंद्रिय’ म्हणून ती निर्धोक समजू नये.

रोप गुडघाभर ते कमरेएवढं असावं. मोठं रोप छोट्या पिशवीत असेल तर मूळ तळाशी गोल फिरलेलं असतं. पिशवी फाडल्यावर तळाचा २ सेंटिमीटर गुंताळा धारदार चाकूने कापून टाकावा आणि मातीच्या गोळ्याला बाजूंनी तीन-चार उभे छेद द्यावेत. हे केलं नाही तर मूळ गोलच फिरत राहतं, झाड काही वर्षं ठीक दिसतं आणि एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं.

बरीच रोपं बियांपासूनच करावी लागतात, कारण धायटी, मुरुडशेंग, हेंकळ कोणी फारशी विकायला ठेवत नाही. बहावा आणि मुरुडशेंगेच्या बियांचं कवच कठीण. बहाव्याची बी काचपेपरवर एका बाजूला आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासायची आणि २४ तास पाण्यात ठेवायची. फुगली नाही ती पुन्हा घासायची. मुरुडशेंगेवर उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं, विस्तवावर असताना बी टाकायचं नाही. करवंद आणि जांभूळ याच्या उलट. त्यांचं बी वाळवून ठेवलं की मरतं. गर धुऊन काढून त्याच आठवड्यात पेरायचं. धायटीचं बी धुळीइतकं बारीक, ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती घालायची नाही आणि पाणी खालून, ताटलीतून द्यायचं. झारीने दिलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. निर्गुडी आणि अडुळसा पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्यांवरून सहज लागतात.

लागवड पहिला दमदार पाऊस पडून माती हातभर खोल भिजल्यावर. झुडपांना ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा, झाडांना ६०. मुरमात खड्ड्याच्या बाजू पहारीने खडबडीत कराव्यात. भरताना निघालेलीच माती वापरावी आणि तिच्यात फार तर चौथा हिस्सा कंपोस्ट. पूर्ण खड्डा काळ्या मातीने आणि शेणखताने भरला तर तो मुरमातला हौद होतो: पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं त्या मऊ मातीबाहेर जायला तयारच होत नाहीत. भोवती ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून वीतभर सोडून, नाहीतर बुंधा कुजतो. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर प्रत्येक रोपाला आठवड्याला ८-१० लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा. तिसऱ्या वर्षी पाणी बंद. रोज थोडं थोडं पाणी दिलेलं झाड वरच्या थरातच मुळं पसरतं आणि पाणी थांबवलं की कोलमडतं.

साधारण एक मीटर बाय एक मीटर जमीन उघडी, न खणता, उन्हात ठेवावी. अनेक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत घरटं करतात. एखादा वाळलेला ओंडका भ्रमरांसाठी पुरतो. पसरट भांड्यात २-३ सेंटिमीटर पाणी आणि त्यात दगड, दर दोन दिवसांनी बदलायचं म्हणजे डास होत नाहीत. रुईला हात लावताना मात्र जपावं, तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नये.

पानं खाल्ली जाऊ लागली की फवारणीचा मोह होतो. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा दाटतो, ते दिसायला वाईट असतं, पण पाठोपाठ मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याच्या अळ्या येतात आणि त्यांना वेळ द्यावा लागतो. फुलपाखराच्या बहुसंख्य अळ्याही मरतात: गांधीलमाश्या उचलतात, परजीवी माश्या आतून पोखरतात, शिंपी पक्षी नेतो. जाळी लावून त्यांना वाचवणं आम्हाला पटत नाही, कारण याच खाणाऱ्यांसाठी तर बाग केली आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात एक नवं काम लागतं. पक्षी बसू लागले की त्यांच्या विष्ठेतून झुडपांखाली नवी रोपं उगवतात. त्यात कडुनिंब, बोर, तांबट असतात, तशी घाणेरीही असते. चौकोनी खोड, खरखरीत पान आणि चुरगळल्यावर उग्र वास, ही तिची ओळख. शेंगांतून उडून आलेली सुबाभूळ बारीक संयुक्त पानांवरून कळते आणि तिचं सोटमूळ फार लवकर खोल जातं. दोन्ही वीतभर व्हायच्या आत, पावसानंतर माती मऊ असताना, मुळासकट उपटावीत. कापली तर पुन्हा फुटतात. भिंतीच्या फटीत आलेला पिंपळ लहान असतानाच काढून कुंडीत लावावा आणि मोकळ्या माळावर जागा मिळेल तिथे पोहोचवावा.